व्हीएची तपासणी: व्हिडिओवर की समोर जाऊन?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मूळचे साताऱ्याकडचे, आता टेक्सासमध्ये. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आले, परदेशी नागरिकांना सैन्यात घेणाऱ्या मॅव्हनी योजनेतून (ती २०१६ मध्ये बंद पडली) आर्मीत भरती झाले, आठ वर्षं नोकरी केली, त्यात एक अफगाणिस्तानची फेरी. आता त्यांनी व्हीएकडे, म्हणजे इथल्या माजी सैनिक खात्याकडे, डिसॅबिलिटीचा, म्हणजे सेवेत झालेल्या दुखण्यांच्या भरपाईचा, क्लेम टाकला आहे. त्यात कंबर, उजवा खांदा, कान, मायग्रेन आणि पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनावर राहणारा आघात, आहे. तपासणीच्या चार तारखा आल्या. कानाची तेवढी प्रत्यक्ष. कंबर-खांदा, मायग्रेन आणि पीटीएसडी या तिन्ही व्हिडिओवर. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. ते म्हणतात, "बोर्डासमोर माणूस उभा राहतो. फोनवर कसली तपासणी? सगळ्यांना नाही म्हणून कळव." बायको म्हणते, घरबसल्या उरकतंय तर उरकून टाका. ऐकायचं कोणाचं?

मी फिजिकल मेडिसिनची डॉक्टर आहे. गेली अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर व्हीएच्या या तपासण्या करते. इथे त्यांना सगळे सी अँड पी एक्झाम म्हणतात. मानसिक आजारांच्या तपासण्या मी करत नाही. त्याबद्दल पुढे जे लिहिते आहे ते शेजारच्या खोलीत बसणाऱ्या सायकॉलॉजिस्ट मंडळींकडून जेवणाच्या सुट्टीत ऐकलेलं आहे.

आधी उत्तर सांगून टाकते. कंबर आणि खांद्याच्या बाबतीत वडिलांचं ऐका, आजच फोन करून प्रत्यक्ष तारीख मागा. मायग्रेनची व्हिडिओवर होऊ द्या. पीटीएसडीचं तुमच्या घरात बंद दाराची खोली आहे की नाही यावर ठरेल. कानाला तर पर्यायच नाही.

आता कारणं. वडिलांच्या डोक्यात आपल्याकडचं रिलीज मेडिकल बोर्ड आहे. तिथे डॉक्टरांचं मंडळ बसतं, जवान समोर असतो, आणि आजार सेवेमुळे झाला का, अपंगत्व किती टक्के, हे मत तेच मंडळ कागदावर घालतं. इथली रीत वेगळी. तुम्हाला एकच एक्झॅमिनर तपासणार. तो टक्के ठरवत नाही. तो डीबीक्यू नावाचा ठरावीक नमुन्याचा फॉर्म भरून पाठवतो. टक्के ठरवणारा रेटर दुसऱ्याच कुठल्या शहरात बसलेला असतो आणि तो तुम्हाला जन्मात पाहणार नाही. तो फॉर्म वाचतो, समोर रेटिंगचा तक्ता ठेवतो आणि आकडा जुळवतो. त्यामुळे प्रश्न विचारायचा तो असा: माझ्या या दुखण्यासाठी त्या तक्त्याला नेमकं काय हवं आहे, आणि ते कॅमेऱ्यातून मिळेल का?

कंबरेचं घ्या. पुढे वाकताना पाठ ९० अंशांपर्यंत जाणं नॉर्मल धरतात. ६० च्या पुढे पण ८५ पर्यंतच गेली तर १० टक्के. ३० च्या पुढे पण ६० पर्यंतच गेली तर २० टक्के. ३० किंवा त्याहून कमी असेल तर ४०. म्हणजे ६० आणि ६५ यांच्यामध्ये एक पायरी आहे. २०२५ च्या दराने १० टक्क्यांना महिना साधारण १७५ डॉलर, २० टक्क्यांना साधारण ३४७ डॉलर. पाच अंशांचा हा फरक आयुष्यभर दर महिन्याला चालतो. आणि पाच अंश डोळ्यांनी ओळखणारा माणूस मी अजून पाहिला नाही, मी स्वतःही नाही.

म्हणूनच नियमात गोनिओमीटरचं नाव घालून ठेवलंय. गोनिओमीटर म्हणजे दोन पट्ट्या एका खिळ्यावर जोडलेला कोनमापक, शाळेच्या कंपासपेटीतल्या प्रोट्रॅक्टरचा थोरला भाऊ. व्हीएच्या रेटिंग नियमावलीत, भाग ४ च्या कलम ४.४६ मध्ये, सांध्याची हालचाल मोजताना त्याचा वापर अपरिहार्य आहे असं स्पष्ट म्हटलंय. नियम जुना आहे, व्हिडिओ कॉल कोणाच्या स्वप्नातही नव्हते तेव्हाचा. पण तो आजही आहे.

यात माझीच एक चूक सांगते. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे व्हीएने प्रत्यक्ष तपासण्या थांबवल्या. मेअखेरीपासून हळूहळू सुरू झाल्या, पण तुंबलेल्या फायलींचा डोंगर होता आणि जे जे व्हिडिओवर करता येईल ते करा असं वातावरण होतं. एका माणसाचा खांदा मी तेव्हा व्हिडिओवर पाहिला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याने फोन कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याला टेकवून ठेवला होता. मी म्हटलं, हात बाजूने वर न्या. त्याने नेला. मला वाटलं शंभर-एकशे पाच अंश असतील; तसं लिहिलं, पुढे 'नजरेने अंदाज' अशी टीप जोडली. फाइल परत आली, तपासणी पुरेशी नाही म्हणून. काही महिन्यांनी तोच माणूस माझ्यासमोर बसला. मी त्याच्या खांद्यामागे एक हात ठेवला आणि म्हटलं, आता न्या वर. हात ८० वर थांबला. ओट्यापाशी काय झालं होतं तेव्हा कळलं. तो हात वर नेताना अख्खं अंग दुसरीकडे झुकवत होता आणि खांदा कानाकडे उचलत होता. फोन खालून, तिरका. कॅमेऱ्यात ते सगळं हाताच्याच खात्यावर जमा झालं.

खांद्याच्या तक्त्यात ९० अंश, म्हणजे हात जमिनीला समांतर, ही रेघ आहे. तिथेच थांबला तर २० टक्के. रेघेच्या पुढे गेला तर नुसत्या अंशांच्या जोरावर ते मिळत नाहीत. माझ्या नजरेने त्या माणसाला रेघेच्या चुकीच्या बाजूला टाकलं होतं. मुद्दाम खोटं कोणीच बोललं नव्हतं, त्याने नाही आणि मीही नाही.

आणि नुसता कोनही पुरत नाही. व्हेटरन्सच्या अपील कोर्टाने २०१६ मध्ये कोरेया (Correia) विरुद्ध मॅकडोनाल्ड या निकालात सांगितलं की सांधा रुग्णाने स्वतः हलवून आणि दुसऱ्याने हलवून, दोन्ही प्रकारे तपासायचा. जिथे लागू असेल तिथे वजन पेलताना आणि न पेलताना. शिवाय विरुद्ध बाजूचा चांगला सांधाही बघायचा. आता दुसऱ्याने हलवायचं म्हणजे व्हिडिओवर कोणी हलवायचं? एका तपासणीत बायकोला पुढे बोलावून 'जरा हात धरून वर करा' असं सांगितल्याचं मी ऐकलंय. बायकोने प्रेमाने जेमतेम उचलला असणार. कंबरेच्या स्नायूंचा ताठरपणा बोटांनी दाबूनच कळतो, आणि त्यामुळे चाल बिघडली असेल तर त्यालाही तक्त्यात २० टक्क्यांची जागा आहे. हे कॅमेऱ्यात येत नाही.

पण समोर गेलं की सगळं नीट होतं अशा भ्रमात राहू नका. व्हीएच्या बहुतांश तपासण्या आता कॉन्ट्रॅक्टर कंपन्यांमार्फत होतात आणि त्यातले सगळेच एक्झॅमिनर सारखे नाहीत. भाड्याच्या ऑफिसात बारा मिनिटांत कंबर आणि दोन्ही गुडघे उरकून, गोनिओमीटर ड्रॉवरमधून बाहेरही न काढता भरलेले फॉर्म मी दुरुस्तीसाठी हाताळलेत. तसल्या प्रत्यक्ष तपासणीपेक्षा चाळीस मिनिटं नीट ऐकून घेतलेला व्हिडिओ कॉल केव्हाही बरा. फरक एवढाच की समोर गेलात तर मोजमाप होण्याची शक्यता असते, व्हिडिओवर ती नसतेच. समोर असताना कोनमापक दिसला नाही तर शांतपणे विचारा, "आपण मोजणार आहात ना?" राग आला तर येऊ दे.

आता एक गोष्ट जी आपल्या लोकांना जास्त लागू पडते. एक्झॅमिनर दारात विचारतो, कसे आहात? आपण म्हणतो, ठीक आहे. कंबर कशी आहे? आहे, चाललंय. हे सभ्यपणाचं बोलणं फॉर्ममध्ये जसंच्या तसं उतरतं. सैनिकाच्या घरात वाढलेल्या माणसाला तर कण्हणं म्हणजे कमीपणा. वाढवून सांगू नका, हे मी कडकपणे सांगते, ते पकडलं जातं आणि मग खऱ्याचंही खोटं होतं. पण कमीही सांगू नका. 'दुखतं' याला फॉर्ममध्ये जागा नाही. 'महिन्यातून तीनदा कंबर धरते, दोन-दोन दिवस मोजे घालता येत नाहीत, गेल्या वर्षी त्यापायी सहा दिवस कामावर गेलो नाही' याला आहे. तपासणीच्या दिवशी कंबर बरी असली तरी धरते तेव्हा हालचाल किती उरते याचा अंदाज एक्झॅमिनरने द्यायचा असतो, आणि तोही तुमच्या सांगण्यावरून. २०१७ च्या शार्प विरुद्ध शुल्किन निकालाने 'त्या वेळी मी पाहिलेलं नाही, सांगू शकत नाही' ही पळवाट बरीच बंद केली आहे. तो देईल कसा, तुम्ही आकडे दिले नाहीत तर? आणि हात किंवा कंबर हलवताना कुठून दुखायला लागलं ते तिथल्या तिथे तोंडाने सांगा. दात आवळून ९० पर्यंत गेलात तर ९० लिहिलं जाईल. त्या दिवशी पेनकिलर घेतली असेल तर तेही सांगा.

मायग्रेनमध्ये तपासायला हाताला काही लागत नाही. तक्ता विचारतो की माणसाला आडवं पाडणारे झटके किती वेळा येतात. गेले काही महिने सरासरी महिन्याला एक असेल तर ३० टक्के. फारच वारंवार, लांबणारे आणि रोजगारावर गंभीर परिणाम करणारे असतील तर ५०. यासाठी डायरी लागते. तारीख, किती तास, अंधाऱ्या खोलीत पडावं लागलं का, काम सोडावं लागलं का. फोनच्या कॅलेंडरमध्ये आजपासून टिपायला लागा. कॉलवर ती समोर ठेवून बोला आणि त्याआधीच क्लेमला जोडा.

पीटीएसडीची तपासणी म्हणजे मुलाखतच. निदान डीएसएम-५ च्या, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीच्या, निकषांवर, आणि रेटिंग नोकरीत, घरात, माणसांत वावरताना किती अडतं त्यावर, शून्यापासून १०० टक्क्यांपर्यंत. सहकारी सायकॉलॉजिस्ट सांगतात की काही माणसं स्वतःच्या खुर्चीवर बसून जास्त मोकळी होतात. दीड तास हायवेवर गाडी चालवून, अनोळखी इमारतीत पाठीमागे दार असलेल्या खुर्चीवर बसलेला माणूस आधीच घट्ट झालेला असतो. हा व्हिडिओचा खरा फायदा.

तोटा आपल्या घरांमध्ये असतो. भिंती पातळ, आई-वडील पाहुणे आलेले, मुलं दार ढकलून आत येणार. अफगाणिस्तानातल्या एखाद्या रात्रीबद्दल तुम्ही बायकोलाही सांगितलं नसेल तर पलीकडच्या खोलीत वडील बातम्या बघत असताना तुम्ही परक्या माणसाला ते सांगणार आहात का? नाही सांगणार. 'झोप जरा कमी लागते' म्हणून मोकळे व्हाल. त्या वेळात घर रिकामं करता येत असेल तर व्हिडिओ घ्या, नाहीतर प्रत्यक्ष मागा. गाडीत बसून कॉल घेणारेही असतात. गाडी पार्किंगमध्ये उभी असेल तर चालेल, चालवत असाल तर एक्झॅमिनर कॉल बंद करील. सुरुवातीला तुम्ही नेमके कुठे आहात ते विचारतात, दचकू नका. मध्येच प्रकृती बिघडली तर मदत कुठे पाठवायची म्हणून ते लागतं. कॅमेऱ्यात छातीपासून वरचंच दिसतं. टेबलाखाली पाय थरथरत असेल, घामाने तळवे ओले झाले असतील तर ते सांगावं लागतं. आणि या तपासणीनंतरची रात्र वाईट जाते, हे जवळजवळ सगळेच सांगतात. दुसऱ्या दिवशी सुट्टी ठेवा. फार जड झालं तर ९८८ लावून १ दाबा, व्हेटरन्ससाठीची लाइन आहे, चोवीस तास.

कानाचं थोडक्यात. ऐकू येण्याची चाचणी राज्याचा परवाना असलेल्या ऑडिओलॉजिस्टनेच, कानयंत्राशिवाय, सुरांची आणि शब्द ओळखण्याची अशी दोन्ही करायची असते. जा. नुसत्या कानात वाजण्याला सहसा १० टक्के मिळतात, आणि ते मोजणारं यंत्र नाही, तुमचं सांगणंच पुरावा.

व्हिडिओ आणि प्रत्यक्ष सोडून एक तिसरा प्रकारही आहे, ज्यात तुम्हाला ना बोलावतात ना कॅमेऱ्यासमोर बसवतात. एक्झॅमिनर फक्त फाइल वाचून, फार तर एक फोन करून मत देतो. जुने रिपोर्ट पुरेसे असतील तर नियमाला ते चालतं. आजार सेवेमुळे झाला का, एवढंच मत हवं असेल तर फाइल वाचणं हेच खरं काम असतं. तिथे कसोटी अशी की संबंध असण्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे का. म्हणून 'मला कोणी हातच लावला नाही' ही तक्रार प्रत्येक वेळी टिकत नाही. सांध्याचं रेटिंग तशा पद्धतीने झालं तर मात्र टिकते.

तारीख बदलताना एक सांभाळा. व्हिडिओ नको म्हणून नुसतं गैरहजर राहू नका. वडिलांच्या 'नाही म्हणून कळव' यात हाच धोका आहे. योग्य कारणाशिवाय तपासणीला गेलं नाही तर पहिला क्लेम असेल तर हातात असलेल्या कागदांवरच निकाल लागतो, आणि रेटिंग वाढवून मागण्याचा क्लेम असेल तर तो फेटाळला जातो. तारखेच्या पत्रावर ज्या कॉन्ट्रॅक्टरचा नंबर आहे तिथेच फोन करा. वाक्य साधं ठेवा: मी तपासणीला तयार आहे, पण कंबर आणि खांद्याची हालचाल मोजावी लागणार असल्याने मला प्रत्यक्ष तारीख हवी. 'तयार आहे' हे शब्द सोडू नका. कोणाशी बोललात, किती वाजता, ते वहीत लिहा, आणि हेच फॉर्म २१-४१३८ वर, म्हणजे निवेदनाच्या फॉर्मवर, लिहून क्लेमला अपलोड करा. शेड्युलिंगवाली मुलगी 'व्हिडिओ नाही घेतला तर उशीर होईल' म्हणेल. होईल, काही आठवडे. विषारी धूर-रसायनांच्या संपर्कात आलेल्या माजी सैनिकांसाठीच्या २०२२ च्या पॅक्ट कायद्यानंतर क्लेमची संख्या खूप वाढली आहे, तारखा मिळायला वेळ लागतो.

तपासणी झाली की गाडीत बसल्या बसल्या, विसरायच्या आत लिहा: किती वाजता आत गेलो, किती वाजता बाहेर आलो, कोनमापक वापरला का, हालचाल तीनदा करून घेतली का, त्यांनी हाताने सांधा हलवला का, कंबर धरते त्याबद्दल विचारलं का. डीबीक्यूची प्रत फॉर्म २०-१०२०६ भरून मागवता येते. निकाल मनासारखा आला नाही आणि तुमचं टिपण व फॉर्म जुळत नाहीत असं दिसलं तर एक वर्ष हातात असतं. नवा पुरावा असेल तर सप्लिमेंटल क्लेम. नवा काही नाही, पण तपासणीच अपुरी होती असं म्हणणं असेल तर हायर लेव्हल रिव्ह्यू. त्यात वरिष्ठ रेटरशी फोनवर बोलायची संधी मागता येते, तिथे नुसतं 'डॉक्टर चांगला नव्हता' असं म्हणू नका. 'खांद्याचे अंश व्हिडिओवर नजरेने घेतलेत, गोनिओमीटर वापरलेला नाही, दुसऱ्याने हलवून पाहिलेलं नाही' असं म्हणा. तपासणी द्यायची ठरवलीच तर ती पुरेशी दिली पाहिजे, हे २००७ च्या बार विरुद्ध निकलसन निकालापासून व्हीएवर बंधन आहे. हे सगळं एकट्याने करायची गरज नाही. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट मदत करतात. पहिला क्लेम भरून देण्यासाठी जो पैसे मागेल त्याच्यापासून लांब राहा, तो बेकायदा आहे.

आणि वडिलांना एक काम द्या. ते तुमच्याकडे राहून गेले असतील तर त्यांनी तुम्हाला रात्री उठून बसलेलं पाहिलंय, पिशवी डाव्या हातात घेताना पाहिलंय. फॉर्म २१-१०२१० हा साक्षीदाराच्या निवेदनाचा फॉर्म आहे, घरचं माणूस तो देऊ शकतं. त्यांना मराठीतच लिहू द्या, त्यांच्या शब्दांत, तारखा-महिन्यांसकट. इंग्रजी भाषांतर सोबत जोडा. 'माझा मुलगा फार सोसतो' असं नको. 'जानेवारीत मी तिथे असताना दोन वेळा त्याला बुटाची नाडी मी बांधून दिली' असं हवं.